कानांनी ओळखलेली गावे

खानदेशातील वृद्ध माणसे आपल्या गावातून नाहीशा झालेल्या स्थळांविषयी बोलू लागली, म्हणजे त्या स्थळांच्या रूपापेक्षा त्यांच्या नादाचेच स्मरण त्यांना अधिक असते, असे मला वारंवार आढळून आले आहे. कापडाची मिल कशी दिसत असे हे विचारावे, तर एक उंच धुराडे आणि एक लांबच लांब भिंत यांपलीकडे वर्णन जात नाही. परंतु तिचा भोंगा कोणत्या प्रहरी वाजे, त्या भोंग्यावर कोणाच्या घरी चूल पेटे आणि कोण दूध घेऊन निघे, हे सांगताना मात्र बोलणाऱ्याची कळी खुलते.

याला आमच्या घरांची रचनाही काही अंशी कारणीभूत असावी. पांढऱ्या मातीची सपाट धाबी, वैशाखात दिवसभर तापून मध्यरात्रीनंतर निवणारी, आणि त्यांवर बाजा टाकून निजलेली अख्खी आळी, अशा त्या उघड्या निजेत गावाचा प्रत्येक आवाज विनासायास उशाशी येत असे. आज बंद खोलीत कूलरच्या घरघरीत झोपणाऱ्याला तो अनुभव सांगून समजणे कठीण आहे.

जळगावची खानदेश मिल ही या नादाची ज्येष्ठ धनीण. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेशच्या गॅझेटिअरात तिची नोंद आहे. म्हणजे १९०६ मध्ये इंग्रज सरकारने या मुलखाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे पाडले, त्याच्या कितीतरी आधीपासून ती चालू होती. आगगाडी आली, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इकडच्या कापसाला तेजी आली, जळगावची पेठ भरभराटली, आणि पुढे त्या कापसाचे गावातच सूत व्हावे म्हणून स्टेशनाजवळ ही मिल उभी राहिली. अमळनेरास प्रतापशेठजींची प्रताप मिल होती, धुळ्यास न्यू प्रताप मिल होती. घड्याळ ही वस्तू तालेवारांच्या दिवाणखान्यात असण्याच्या त्या काळी या गावांना एक सामायिक वेळ होती आणि ती मिलच्या स्वाधीन होती. जळगावच्या मिलच्या जागेवर आज ‘खानदेश सेंट्रल’ हे व्यापारी संकुल आहे.

माझ्या परिचयाचे एक वयोवृद्ध गृहस्थ उमेदीच्या काळात धुळ्याच्या मिलमध्ये, साचाखात्यात, आधी बदलीवर आणि मग कायम असे होते. मागांच्या अखंड खडखडाटाने त्यांचे कान तरुणपणीच अधू झाले, आणि शेजारच्या मागावरील सोबत्याशी ओठांच्या हालचालींनी व बोटांच्या खुणांनी बोलण्याची त्या खात्यातील सवय अद्याप त्यांना सुटलेली नाही. बोलता बोलता त्यांचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरू लागतात, जणू तुटलेला धागा सापडला आहे आणि त्याला गाठ मारायची आहे. आपण असे करतो आहोत हे त्यांच्या ध्यानीही नसते. भोंग्याविषयी विचारले, तेव्हा त्यांनी प्रथम सांगितली ती त्यांच्या आईची पहाटेची हाक: “मिलना भोंगा वाजना, ऊठ आते!” मिल बंद पडल्यावरही आई कित्येक दिवस त्याच वेळी जागी होत असे, आणि उठवायला कोणी नाही म्हणून अंगणात येऊन बसत असे.

मिलच्या भोंग्याचे हेच स्थान जळगाव जिल्ह्याच्या दक्षिण भागात पाचोरा-जामनेर गाडीला, लोकांच्या तोंडच्या ‘पीजे’ला होते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास सुरू झालेली, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून ५६ किलोमीटरांचे अंतर सावकाश कापणारी ही गाडी वरखेडी, शेंदुर्णी, पहूर या गावांची खरोखर घरची गाडी होती. शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाच्या यात्रेस जाणाऱ्यांनी, बाजाराला निघालेल्या बायकांनी आणि तालुक्याच्या कचेरीत दाखला आणायला जाणाऱ्या शेतकऱ्यांनी ती भरत असे. शिट्टी कानी आली की जेवते पान पुरे करून, धोतराचा सोगा सावरीत निघावे, तरी गाडी सापडे, असे त्या बाजूचे लोक सांगतात. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली, ती थांबलीच. मार्गाचे रुंदीकरण व्हायचे ठरले आहे, ते व्हावे, आणि मोठी गाडी येईल तेव्हा तिचे स्वागतही आम्ही करू. परंतु शिट्टी ऐकून घरून निघालेल्या माणसाची ती वाट पाहणार नाही.

धुळ्याच्या पाचकंदील चौकाचे दैव त्या मानाने बरे. कंदिलांच्या उजेडाचे दिवस सरले, तरी ते नाव रिक्षावाल्याच्या जिभेवर आहे. नादाच्या नशिबी तेवढेही नाही. त्याला पाटी लावता येत नाही, त्याचा चौक होत नाही.

म्हणूनच एक गोष्ट आग्रहाने सुचवावीशी वाटते. धुळे हे दफ्तरांचे शहर आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगावच्या वाड्यांतून रुमाल सोडवून जुने कागद जमविले, त्यांचे देहावसान ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच शहरी झाले, आणि लगेच १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे स्थापन झाले. समर्थभक्त शंकरराव देवांनी रामदासी हस्तलिखितांसाठी अशीच पायपीट केली आणि समर्थ वाग्देवता मंदिर उभे केले. सनदा आणि पत्रे जपण्याची ही परंपरा ज्या गावात आहे, तेथे साचाखात्यातील कामगाराची आठवण कोणत्याही रुमालात बांधलेली असू नये, हे मला खटकते. हजेरीपटावर त्याचे नाव आणि त्याचा खाडा सापडेल. आईची हाक तेथे सापडणार नाही. धुळे, अमळनेर, जळगाव आणि पाचोरा येथील महाविद्यालयांनी येत्या दिवाळीच्या सुटीत विद्यार्थ्यांना मोबाइल घेऊन या वृद्धांकडे पाठवावे, आणि त्यांच्याच अहिराणीत, तावडीत, लेवा बोलीत ते जे सांगतील ते जसेच्या तसे ध्वनिमुद्रित करून घ्यावे. पहिला भोंगा किती वाजता होई, यावर एकाच खात्यातील दोघांचे एकमत होणार नाही. दोघांचेही म्हणणे ठेवावे, आणि सांगणाऱ्याचे गाव, खाते व पाळी तेवढी न चुकता लिहून घ्यावी.