पैठण काही दूर नाही

‘द मेथ एपिडेमिक’ हा अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवरील ‘फ्रंटलाइन’ मालिकेतला माहितीपट २००६ सालचा. मेथॅम्फेटामिन या उत्तेजक अमली पदार्थाने त्या देशाच्या पश्चिमेकडील राज्यांत जो अनर्थ घडविला, त्याची ती हकीकत आहे. सोयगावात आम्ही चार-पाच कुटुंबांनी तो संध्याकाळच्या जपमाळेनंतर एकत्र बसून पाहिला. कॉलेजात जाणारा एक मुलगा मध्येमध्ये थांबवून मराठीत अर्थ सांगत होता. नंतर ज्या प्रतिक्रिया उमटल्या, त्या ऐकून मी अस्वस्थ झालो. हे लिहिण्याचे कारण तेवढेच.

पहिली प्रतिक्रिया अशी की, हे सारे पाश्चात्त्यांचे थेर आहेत. देव विसरला की असेच व्हायचे. दुसरी अशी की, हे चेहरे आपल्या पोरांना दाखवावेत, म्हणजे ती धसका घेतील. चेहरे म्हणजे ओरेगॉनमधील एका तुरुंगातील अधिकाऱ्यांनी जमविलेली छायाचित्रे. एक पहिल्या अटकेच्या वेळचे, दुसरे पुन्हा अटक झाल्यावरचे. मधल्या काळात गाल खपाटीला गेलेले, दात किडलेले, कातडीवर व्रण. ती पाहून खोलीत जो हळहळीचा सूर निघाला, त्यात मला करुणेपेक्षा समाधानच अधिक ऐकू आले. ‘मी त्या जकातदारासारखा नाही’ म्हणून देवाचे आभार मानणाऱ्या परूश्याचा दाखला आपण उपासनेत कितीदा ऐकतो! आणि दर वेळी तो परूशी दुसराच कोणीतरी असतो.

धाकाचा उपाय तर तिकडे करूनही झाला. मोंटाना राज्यात २००५ पासून अशाच भयंकर जाहिरातींचा दूरचित्रवाणीवर आणि रस्त्यांवर भडिमार करण्यात आला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आकडे तपासले गेले, तेव्हा मुलांमधील सेवन आधीपासूनच घटत होते आणि जाहिरातींचा वेगळा असा परिणाम आढळत नाही, असे दिसून आले.

खरे म्हणजे माहितीपटाचा रोख त्या चेहऱ्यांवर नाहीच. गांजा-अफूला जमीन लागते. मेथॅम्फेटामिनला लागते एफेड्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन, म्हणजे सर्दीच्या औषधातले द्रव्य. आणि ते घाऊक प्रमाणात बनविणारे कारखाने जगात बोटांवर मोजण्याइतके, त्यांतले काही आपल्या भारतात. या कच्च्या मालाच्या दारावरच पहारा बसवावा, असा प्रस्ताव अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्यातील जीन हेसलिप या अधिकाऱ्याने १९८० च्या दशकातच मांडला होता. औषध कंपन्यांनी आपले वजन खर्ची घातले आणि १९८८ च्या कायद्यातून तयार गोळ्यांना सूट मिळविली. चोरटे मग गोळ्यांकडेच वळले. कच्चा माल जेव्हा जेव्हा आवळला गेला, तेव्हा तेव्हा रस्त्यावरच्या मालाची शुद्धता घसरली आणि व्यसनही ओसरले, हे ‘द ओरेगोनियन’चे पत्रकार स्टीव्ह सुओ यांनी आकडेवारीनिशी दाखविले. आमच्या खोलीत हा भाग चालू असताना चहा आला होता.

आता सांगा, हे पाश्चात्त्यांचे थेर कसे? २०१६ च्या एप्रिलमध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या एका औषध कारखान्यावर छापा घातला आणि तिथे टनांच्या हिशेबात एफेड्रिन सापडले. ऑक्टोबर २०२३ मध्ये महसूल गुप्तवार्ता संचालनालय आणि अहमदाबादची गुन्हे शाखा यांनी छत्रपती संभाजीनगर व पैठणच्या औद्योगिक वसाहतीत छापे घातले. कोकेन, केटामाइन आणि मेफेड्रोन मिळून शेकडो कोटींचा माल हाती लागला. मेफेड्रोन म्हणजे पोरांच्या तोंडी असलेले ‘एमडी’. ते मेथॅम्फेटामिन नव्हे, पण जात उत्तेजकाचीच. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याचा समावेश अमली पदार्थांच्या कायद्यात झाला. अजिंठ्याच्या डोंगराखाली राहणाऱ्या आम्हा सोयगावकरांना जळगाव जवळचे आणि पैठण परक्या मुलखातले वाटते. पण जिल्हा एकच, आणि आमची मुले कंत्राटावर कामाला जातात ती त्याच पट्ट्यात.

कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात परिच्छेद २२९१ मध्ये अमली पदार्थांच्या सेवनाला गंभीर अपराध म्हटले आहे. तेवढे प्रवचनातून कानी पडते. त्याच परिच्छेदात चोरट्या उत्पादनाला आणि व्यापाराला दुष्कर्मातील प्रत्यक्ष सहभाग म्हटले आहे, त्याचा उच्चार मी वेदीवरून क्वचितच ऐकला. परिच्छेद १७३५ सांगतो की, भय, सवय, अनावर आसक्ती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, कधी नाहीशीही होते. म्हणजे ख्रिस्तसभेचा बोल नशा विकणाऱ्यावर अधिक कठोर आहे, नशेत बुडालेल्यावर सौम्य. आमचा व्यवहार नेमका उलटा. व्यसनी मुलाच्या घरी आम्ही जाणे सोडतो. पैसेवाल्याचा पैसा कुठून आला, हे सणाची वर्गणी घेताना विचारत नाही.

आणि आमच्या घरांत काय आहे? दारूची चर्चा होते, कारण ती लपत नाही. ज्यांना इकडे ‘बटन’ म्हणतात त्या झोपेच्या गोळ्या खिशात मावतात, तोंडाला वासही येत नाही. ओरेगॉनचे चेहरे पाहून ज्या आया डोळ्यांना पदर लावतात, त्यांतल्या एखादीच्या उशाखालचे पैसे का कमी होतात, हे विचारायला कोणी धजत नाही.

मार्ग नाहीत असे नाही. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात ‘कृपा’चे काम सुरू केले. पुण्याचे ‘मुक्तांगण’ १९८६ पासून चालू आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते उभे केले. दोन्ही ठिकाणी व्यसनाकडे आजार म्हणून पाहिले जाते. माझी सूचना साधी होती: रविवारी मिस्सानंतर लग्नाच्या घोषणा वाचल्या जातात, त्यांच्याबरोबर महिन्यातून एकदा या दोन संस्थांचे पत्ते वाचावेत, आणि कारखान्यांत कामाला जाणाऱ्या तरुणांना, आपण हाताळतो त्या मालाविषयी शंका आली तर काय करावे, हे सांगणारी एक बैठक धर्मग्रामात घ्यावी.

एका ज्येष्ठांनी उत्तर दिले, ‘असले वाचले तर बाहेरच्यांना वाटेल, इथे तसले लोक आहेत.’ त्यांचा आदर राखून मी विचारले, नाहीत का? खोलीत कोणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बैठकीतलेच एक गृहस्थ घरी आले, दार लोटून घेतले आणि पुण्याचा पत्ता लिहून घेऊन गेले.