मोटारीची गर्जना

वर्धा शहरापासून सेवाग्राम सुमारे ८ किलोमीटर अंतरावर आहे. तेथे महात्मा गांधींचा आश्रम आहे, आणि आश्रमाजवळच कस्तुरबा रुग्णालय. विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून आलेले रोगी तेथे उपचार घेतात. कोणावर नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असते, तर कोणाच्या कुशीत एक दिवसाचे मूल असते. अशा रस्त्याने रात्री एखादी मोटार कानठळ्या बसविणारी गर्जना करीत गेली, तर तिच्या मालकाला वाटते की, लोक आपल्या गाडीच्या सामर्थ्याने दिपून गेले. ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे.

मोटारीच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पेट घेते. त्यातून निर्माण झालेला तप्त वायू, झडप उघडताच, मोठ्या दाबाने बाहेर झेपावतो आणि हवेला धक्का देतो. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असले, तर असे १०० धक्के दर सेकंदाला बसतात! हे धक्के मोकळे सोडले, तर तोफांची सरबत्ती चालल्याचा भास व्हावा. म्हणून धुराच्या नळीला सायलेन्सर जोडलेला असतो. ही एक धातूची पेटी होय. तिच्यात कप्पे असतात व छिद्रे पाडलेल्या नळ्या असतात. ध्वनीच्या लहरी त्या कप्प्यांत आपटतात, उलट फिरतात व एकमेकींना क्षीण करतात. वायू मात्र आपल्या वाटेने निघून जातो. अमेरिकेतील हायरम पर्सी मॅक्सिम याने १९०९ साली बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या नळीचे पेटंट मिळविले आणि तेच तत्त्व इंजिनांसाठीही वापरले. त्याच्या वडिलांनी मशीनगन शोधून काढली होती, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

हौशी मालक कारखान्याने बसविलेली ही व्यवस्था काढून टाकतात आणि तिच्या जागी अधिक रुंद, कमी अडथळ्यांची नळी बसवितात. या हौसेमागे काहीच शास्त्र नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शर्यतीच्या मोटारीचे इंजिन अतिशय वेगाने फिरते. जळका वायू जितका सहज बाहेर पडेल, तितकी ताजी हवा आत येण्यास वाव मिळतो व शक्ती वाढते. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे किंवा कोइम्बतूर येथे शर्यतींसाठी वेगळ्या धावपट्ट्या आहेत. तेथे अशा नळीचे काम आहे. परंतु घरगुती मोटारीच्या इंजिनाचे सर्व भाग एकमेकांशी जुळवून घडविलेले असतात. केवळ नळी बदलल्याने तिची शक्ती वाढली, तरी फारच थोडी वाढते. उलट सावकाश चालताना तिची ओढ कमीही होऊ शकते. आणि गावात मोटार सावकाशच चालवावयाची असते! वाढतो तो आवाज, आणि आवाज वाढला की, वेगही वाढल्यासारखा वाटतो.

याहून गंभीर गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. धुराच्या मार्गात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असलेला एक भाग असतो. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. कार्बन मोनॉक्साइडसारख्या विषारी वायूंचे रूपांतर कमी अपायकारक वायूंत करणे हे त्याचे काम. काही जण नळीबरोबर हा भागही काढून टाकतात. मग ज्या वायूला ना रंग ना वास, तो रस्त्याच्या कडेने शाळेत जाणाऱ्या मुलांच्या श्वासात जातो.

“गाडी आमची, पैसा आमचा; इतरांना काय त्याचे?” असा प्रश्न कोणी करतात. गाडी त्यांची खरी, पण तिचा आवाज गाडीत राहत नाही. म्हणूनच कायद्याने यात लक्ष घातले आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या भोवतालचा निदान १०० मीटरांचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करण्याची तरतूद आहे. तेथे रात्रीची मर्यादा ४० डेसिबेल आहे. साधे संभाषणही सुमारे ६० डेसिबेलांचे असते. ध्वनी व धूर यांची मानके मोडणाऱ्या वाहनचालकाला मोटार वाहन कायद्यानुसार १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

वर्धा जिल्ह्याला मौनाचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. गांधीजी सोमवारी मौन पाळीत. पवनार येथे विनोबाजींनी २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभर मौन पाळले. मोटारीकडून एवढ्या मोठ्या व्रताची अपेक्षा कोणीच करीत नाही. तिने रुग्णालयासमोरून जाताना कोणाची झोप मोडू नये, एवढेच पुरे आहे.

यंत्रावर प्रेम करणाऱ्या तरुणाला दुसरे मार्ग आहेत. हवेची गाळणी स्वच्छ ठेवावी, चाकांतील हवेचा दाब पाहावा, तेल वेळेवर बदलावे. मोटार नीट चालते व पेट्रोलही वाया जात नाही. पण या कामांचा आवाज होत नाही, म्हणून त्यांचे कौतुकही होत नाही. इकडे काढलेला मूळ सायलेन्सर बहुधा फेकून दिला जात नाही. तो घरात कोठे तरी कोपऱ्यात जपून ठेवलेला असतो, आणि मोटारीच्या तपासणीचा दिवस आला की, मालक तो गुपचूप पुन्हा जोडून घेतो.