सोसायटीच्या फॉर्मवरचे नाव म्हणजे वारस नव्हे

आपण व्यापारी माणसे. भिवंडीहून माल आला की तागा उलगडून पन्हा पाहतो, मीटर मोजतो, डाग दिसला तर माल परत पाठवतो. मात्र जन्मभराच्या कमाईतून घेतलेल्या फ्लॅटचे कागद एकदाही नीट वाचत नाही. शेअर सर्टिफिकेट कपाटात, मेंटेनन्सच्या पावत्या डब्यात आणि सोसायटीच्या सभेला आपण गैरहजर! आमचेही वर्षानुवर्षे असेच चालले होते.

याला कारण आहे. आपल्या वडिलांची पिढी पागडीच्या खोल्यांत राहिली. भाडे भरले की जबाबदारी संपली. जिना, नळ, छप्पर घरमालक जाणे. १९९२-९३ च्या दंगलीनंतर अनेक कुटुंबे मुंब्रा, मीरा रोडकडे गेली आणि त्यांतील कितीतरी प्रथमच गृहनिर्माण सोसायटीचे सभासद झाली. सोसायटीत घरमालक नसतो, हे मात्र आपल्या अंगवळणी पडले नाही. सेक्रेटरी म्हणजे नवा घरमालक असे समजून आपण त्याला सलाम करतो आणि तो मागेल ते देतो.

आमचे वालिद २०१२ साली वारले. मुंब्र्याचा फ्लॅट त्यांच्या नावावर होता आणि सोसायटीच्या नामनिर्देशन फॉर्मवर थोरला मुलगा म्हणून आमचे नाव. बोलीत आपण याला 'वारस लावणे' म्हणतो. सगळा घोटाळा या शब्दाने केला आहे. सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर आमचे नाव चढवले आणि फ्लॅट आमचा झाला, असे आम्ही धरून चाललो. धाकट्या भावाने विचारले नाही, बहिणीने विचारले नाही, अम्मी तर विचारणारच नव्हत्या.

पाच वर्षांनी धंद्यासाठी कर्ज काढायला गेलो तेव्हा बँकेने इतर वारसांचे हक्कसोडपत्र मागितले. आम्ही कागद तयार करून बहिणीच्या घरी गेलो. तिने पेन हातात घेतला आणि विचारले, "भाईजान, मी कशावर सही करते आहे?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

घरी येऊन हिशेब मांडला. विधवेचा आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला दोन भाग आणि मुलीला एक. फ्लॅट म्हणजे ४० मीटरचा तागा धरला तर अम्मींचे ५ मीटर, आम्हा दोघा भावांचे १४-१४ आणि बहिणीचे ७. पाच वर्षे आम्ही ४० मीटर आपलेच समजत होतो. दुकानात गिऱ्हाइकाला अर्धा मीटर कमी गेला तर आम्हाला झोप येत नाही!

कायदाही याहून वेगळे सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली इंद्राणी वाही प्रकरणात म्हटले की, सोसायटीने नॉमिनीच्या नावे हस्तांतर करावे, पण मालकीचा हक्क मागण्याची वाट इतर वारसांना खुली राहते. २०१९ साली महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणे वारसांचा निकाल लागेपर्यंत नॉमिनी हा केवळ तात्पुरता सभासद. म्हणजे तो अमानतदार आहे, मालक नाही. हयातीत हिबा करून ताबा दिला असेल तर गोष्ट निराळी. वसीयत करायची तर इतर वारसांच्या संमतीशिवाय ती एक तृतीयांशाहून जास्त चालत नाही. फॉर्मवरची एक ओळ या दोहोंची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून फॉर्म भरू नये काय? जरूर भरावा. नॉमिनी नसला तर सोसायटीने पत्रव्यवहार कोणाशी करावा, हाही प्रश्नच. फक्त फॉर्मची पोच शिक्का मारून घ्यावी, नोंदवहीत नाव चढले का ते स्वतः पाहावे आणि घरात सर्वांना सांगावे की हे नाव कशासाठी आहे.

पैशांचेही सांगून टाकतो. नाव चढवताना आमच्याकडून 'इमारत निधी' म्हणून ३० हजार रुपये घेतले गेले, पावती नाही. आम्ही मोजून दिले. पुढे उपविधी वाचले तेव्हा कळले की वारस किंवा नॉमिनीच्या नावे हस्तांतर होताना प्रीमियम लागतच नाही, आणि विक्रीतही त्याला २५ हजारांची मर्यादा आहे. फ्लॅट भाड्याने दिला तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही; तसा आदेश शासनाने २००१ सालीच काढला आहे. सेक्रेटरी वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. त्याला कोणी विचारलेच नव्हते. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, १४ दिवस आधी नोटीस येते, तिच्यासोबत हिशेब येतो. तो हिशेब आम्ही आता रोजमेळासारखा वाचतो. पुनर्विकासाचा ठराव २०१९ च्या शासकीय सूचनांप्रमाणे ५१ टक्के सभासदांच्या संमतीने होऊ शकतो. दुकान बंद करायला जमले नाही म्हणून घरी बसणाऱ्याचे घरही त्यात येते.

बहिणीने त्या दिवशी सही केली नाही आणि आम्हीही आग्रह धरला नाही. फ्लॅटची बाजारभावाने किंमत काढून तिच्या सात हिश्श्यांची रक्कम तीन हप्त्यांत द्यायचे ठरले. शेवटचा हप्ता ईदच्या सीझननंतर पोहोचता केला, त्यानंतर तिने हक्कसोडपत्रावर सही केली. भावाचा आणि अम्मींचा हिस्सा आहे तसा आहे आणि सोसायटीच्या दप्तरी आता आमच्याबरोबर त्यांचीही नावे आहेत.