उच्चारातील मातृभाषेची खूण

परकी भाषा बोलणाऱ्या माणसाचा उच्चार वेगळा वाटला, की ‘याची भाषा अशुद्ध आहे’ असा निकाल दिला जातो. न्यूझीलंडमधील माओरी लोकांचा इतिहास पाहता हा निकाल अन्यायाचा ठरतो.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी माओरींच्या कानांवर इंग्रजी पडली ती खलाशी, व्यापारी आणि मिशनरी यांच्या तोंडून. माओरी भाषेत व्यंजने अवघी १०. त्यांत स, ब, ल नाहीत. जोडाक्षरे नाहीत आणि प्रत्येक शब्दाचा शेवट स्वराने होतो. म्हणून मेंढीसाठी घेतलेला ‘शीप’ हा इंग्रजी शब्द माओरीत ‘हिपी’ झाला, ‘बायबल’चे ‘पाइपेरा’ झाले. हे बदल अज्ञानातून नव्हे, तर मातृभाषेच्या नियमांतून घडले. त्याच सवयी त्यांच्या इंग्रजी बोलण्यात उतरणे स्वाभाविक होते. मराठी माणूसही इंग्रजी शब्दारंभीचा ‘प’ इंग्रजांप्रमाणे श्वासाचा झोत सोडून उच्चारत नाही, याचे कारण तेच.

हा प्रभाव एकतर्फी नव्हता. १९४६ ते १९४८ या काळात नभोवाणीच्या फिरत्या पथकाने वृद्ध माओरींचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. त्याची आजच्या माओरी बोलण्याशी तुलना केल्यावर अभ्यासकांना आढळले, की मूळचे अल्पप्राण प, त, क इंग्रजीच्या सहवासाने हळूहळू झोतयुक्त झाले आहेत. उलट, इंग्रजी हीच पहिली भाषा असलेल्या अनेक माओरींच्या इंग्रजीत आजही माओरी बोलण्याची लय ऐकू येते.

मात्र या संपर्कात समानता नव्हती. १८६७ च्या कायद्याने माओरींसाठीच्या सरकारी शाळांत इंग्रजीला माध्यमाचे स्थान दिले. पुढे अनेक मुलांना मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा झाली. मोठेपणी त्यांतील कित्येकांनी ती आपल्या मुलांना शिकवली नाही. माओरीला अधिकृत भाषेचा दर्जा मिळण्यास १९८७ साल उजाडावे लागले.

नवी भाषा शिकताना आपले बोलणे समोरच्याला समजावे, यासाठी परिश्रम घेतलेच पाहिजेत. परंतु उच्चारात मातृभाषेची खूण राहिली, तर त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. नवी भाषा शिकण्यासाठी मातृभाषेचा त्याग करावा लागत नाही. ज्यांना तो करायला लावले गेले, त्यांचे नुकसान मात्र पिढ्यान्‌पिढ्या भरून निघत नाही.