वृद्धांचे आरोग्यशिक्षण

मुलाला आरोग्याचा पाठ देणे आणि साठी उलटलेल्या माणसाला तो देणे, ही दोन वेगळी कामे आहेत. आपल्याकडे मात्र दोहोंसाठी एकच भित्तिपत्रक व एकच व्याख्यान पुरेसे मानले जाते. २०११ च्या जनगणनेत साठ व त्याहून अधिक वयाच्या भारतीयांची संख्या १० कोटींवर गेली होती. एवढ्या मोठ्या वर्गासाठी शिक्षणाची पद्धती निराळीच असली पाहिजे, असे आमचे मत आहे.

वयोमानाने दृष्टी मंदावते, उच्च स्वर नीट ऐकू येत नाहीत आणि अनेक नव्या गोष्टी एकदम मनात धरणे जड जाते. परंतु शब्दसंग्रह व आयुष्यभर साठविलेले ज्ञान बहुधा टिकून राहते. म्हणून अक्षर मोठे, बोलणे संथ आणि एका बैठकीत एकच मुद्दा, ही पथ्ये शिक्षकाने पाळावीत.

तथापि खरी अडचण याहून खोल आहे. वृद्धाचे मन ही कोरी पाटी नव्हे. तिच्यावर पूर्वीचे धडे लिहिलेले असतात. पश्चिम बंगालमध्ये तळ्याचे पाणी सोडून कूपनलिकेचे पाणी प्यावे, अशी शिकवण दीर्घकाळ दिली गेली. पटकीसारख्या रोगांच्या दृष्टीने ती योग्यच होती. पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील डॉ. के. सी. साहा यांनी अशाच पाण्यातून होणारी आर्सेनिकची विषबाधा रोग्यांत ओळखली. उकळल्याने जंतू मरतात, पण आर्सेनिक जात नाही. पाणी आटल्यास त्याचे प्रमाण उलट वाढते. हा भेद उलगडून न सांगता केवळ मनाई केली, तर ज्याने जुना धडा निष्ठेने पाळला तोच वृद्ध गोंधळून जाईल.

दुसरे उदाहरण जलसंजीवनीचे. १९७१ मध्ये निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली, तेव्हा कोलकात्याहून गेलेले डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज यांचे द्रावण पाजून असंख्य प्राण वाचविले. वृद्धांना तहानेची जाणीव कमी होते. म्हणून अतिसारात त्यांना हे द्रावण विशेष उपयोगी. पण रक्तदाबासाठी ‘मीठ कमी करा’ असे त्यांनाच बजावलेले असते! एक लिटर पाण्याच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ असते व ते अतिसारात शरीरातून गेलेल्या क्षारांची भरपाई करते, रोजच्या पेयासाठी नव्हे, हे त्यांना समजले पाहिजे. हृदय वा मूत्रपिंड यांचा विकार असल्यास प्रमाण वैद्यास विचारावे, हेही सांगावयास हवे.

तेव्हा शिक्षकाने प्रथम विचारावे, ‘आपण आजवर काय करीत आलात?’ मग त्या समजुतीत काय खरे होते व काय बदलले ते सांगावे. शेवटी ऐकणाऱ्याकडून तो मुद्दा त्याच्याच शब्दांत वदवून घ्यावा आणि लिटरचे माप त्याच्याच घरच्या भांड्याने दाखवावे.

यास वेळ फार लागतो, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. परंतु न समजलेल्या व्याख्यानास लागलेला वेळ तर सर्वस्वी वाया जातो. शिवाय कित्येक घरांत आजारी नातवंडाला काय पाजावे, हे आजीच ठरविते. तिला नीट समजले की दोन पिढ्यांचे आरोग्य राखले जाते.