हप्त्याचा तगादा

मृत्यूची शक्यता हाच ज्या व्यवहाराचा पाया, त्या आयुर्विम्याच्या धंद्यात भयाचा आश्रय घेण्याचा मोह पडणे स्वाभाविक आहे. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५६ च्या जानेवारीत वटहुकूम निघून या धंद्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि २४५ संस्था सामावून घेऊन सप्टेंबरात आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. त्या महामंडळाचे बोधवाक्य गीतेच्या नवव्या अध्यायातील, शरणागताच्या निर्वाहाचा भार स्वतः वाहण्याचे अभिवचन देणारे असावे, ही गोष्ट मला म्हणूनच फार मोलाची वाटते.

विमेदारांना या ना त्या कंपनीकडून येणाऱ्या पत्रांचा व मोबाइलवरील संदेशांचा मजकूर मात्र पुष्कळदा फौजदारी समन्साच्या वळणावर जातो: हप्ता तत्काळ भरावा, अन्यथा संरक्षण संपुष्टात येऊन आपले कुटुंब उघड्यावर पडेल. हे वाचून हवालदिल झालेला इसम एक तर उसनवारी करतो, नाही तर पुढची पाकिटे न फोडताच फडताळात टाकतो. वस्तुतः वार्षिक, सहामाही वा तिमाही हप्त्याला ३० दिवसांची आणि मासिक हप्त्याला १५ दिवसांची सवलतीची मुदत असते, त्या मुदतीत संरक्षण कायम राहते, आणि बंद पडलेली पारंपरिक पॉलिसीदेखील सामान्यतः पाच वर्षांच्या आत, थकबाकी व्याजासह भरून आणि मागितल्यास प्रकृतीचा दाखला देऊन, पुन्हा चालू करता येते. ही सारी हकिकत कंपनीच्या दफ्तरी असताना पत्राच्या आरंभी तीच का येऊ नये? ‘आपले संरक्षण अमुक तारखेपर्यंत चालू आहे, तोवर हप्ता भरल्यास ते अखंड राहील, अडचण असल्यास शाखेत अवश्य यावे, तजवीज करता येईल’, एवढा मसुदा करण्यास कारकुनाला अधिक शाई लागत नाही.

याचा अर्थ अप्रिय ते दडवावे, असा मुळीच नाही. मुदत टळल्यावर मृत्यू ओढवला तर वारसांचे काय नुकसान होईल, हे स्पष्ट शब्दांत लिहिलेच पाहिजे. ते लपवणारी गोड भाषा ही निव्वळ फसवणूक होय. परंतु नुकसानीच्या उल्लेखालगत ते टाळण्याचा मार्गही सांगितलेला असावा.

आजच्या काळात या विवेकाला एक निराळेच महत्त्व आले आहे. कायद्यात ज्याला कसलेही स्थान नाही त्या ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली वृद्धांची आयुष्यभराची पुंजी लुटणारे भामटे, खाते गोठवण्याची नि अटकेची धमकी देऊन, विचार करण्यास क्षणाचीही उसंत मिळू देत नाहीत. प्रतिष्ठित संस्थांनीही अशाच दरडावणीची सवय ग्राहकाच्या कानांना लावली, तर खरे आणि खोटे त्याने ओळखावे कशावरून? विमाकंपनीचे पत्र वर्षानुवर्षे मुदतीची तारीख शांतपणे कळवणारे आणि चौकशीला अवधी देणारे असेल, तरच ‘आत्ताच्या आत्ता पैसे पाठवा’ असे फर्मावणारा आवाज कानी पडताच, हा आपल्या कंपनीचा माणूस नव्हे, अशी शंका त्या वृद्ध विमेदाराच्या मनात येईल आणि तो फोन खाली ठेवील.