घरची वाटी आणि लिटर

स्वयंपाकघरातील वाटीच्या मापाला काही लोक हसतात. ‘हे काय शास्त्रीय माप झाले?’ असे ते विचारतात. मला हे मत मान्य नाही. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी घालावयाचे असेल, तर वाटी लहान की मोठी, हा प्रश्नच उद्भवत नाही. दोहोंसाठी वाटी एकच असली म्हणजे प्रमाण बिघडत नाही.

परंतु एक वस्तू बाहेरून मोजून आलेली असते आणि दुसरी आपण घरच्या भांड्याने मोजतो, तेथे केवळ अंदाज उपयोगी पडत नाही. एकदा माझ्या नातवाला जुलाब झाले. जलसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात विरघळवावी, असे तिच्यावर छापले होते. ‘लिटर म्हणजे चार पेले,’ असे मी ठामपणे सांगितले. सूनबाईंनी मात्र लिटरभर पाण्याची बंद बाटली उघडून ते पाणी पेल्याने मोजले. पेले पाच भरले! माझ्या हिशेबाने पाणी ८०० मिलिलिटरच पडले असते. असे तीव्र द्रावण पोटात गेल्यास रक्तातील क्षार वाढून बालकाला अपाय होऊ शकतो. जन्मभर मुलांच्या चुका तपासणाऱ्या माझी चूक त्या दिवशी एका पेल्याने दाखविली.

पूर्वी आपल्याकडे शेराचेही असेच होते. एका प्रांताचा शेर दुसऱ्या प्रांताच्या शेराशी जुळत नसे. १९५६ साली कायदा होऊन देशाने दशमान परिमाणे स्वीकारली. कपाच्या बाबतीत मात्र जगात अद्याप एकमत नाही. पाककृतीतील कप ऑस्ट्रेलियात २५० मिलिलिटरचा, अमेरिकेत सुमारे २३७ चा, तर जपानमध्ये २०० चा असतो.

म्हणून वाटी टाकून देऊ नये; तिची लिटरशी ओळख करून द्यावी, असे मला वाटते. मुलांनो, लिटरभर पाणी घरच्या वाटीने मोजा आणि १००० ला वाट्यांच्या संख्येने भागा. पाच वाट्या भरल्या तर वाटी २०० मिलिलिटरची, आठ भरल्या तर १२५ ची. हा आकडा कागदावर लिहून फडताळाच्या दारावर चिकटवा. औषध मात्र त्याच्याबरोबर मिळालेल्या मापानेच घ्या. घरचे चमचे सारखे नसतात.

अंदाज अनुभवातून येतो, हे खरे. पण त्यालाही अधूनमधून मापाची परीक्षा द्यावी लागते. ती देण्यात कमीपणा कसला?